औषध न लागलेलं मटण

लग्न होऊन मी साताऱ्याहून तासगावजवळच्या या गावात आले, तेव्हा सासरी मटणाबद्दल जेवढं बोललं जाई तेवढं पिकाबद्दलही जात नसे. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. तालुक्याच्या गावी ब्रॉयलर कोंबड्यांचे जाळीचे पिंजरे दिसायला लागले होते. माहेरी रविवारी वडील दुकानातून अर्धा किलो मटण आणत. ते जनावर कुठलं, काय खाऊन वाढलं, हे विचारायची पद्धत नव्हती. इथे आधी चौकशी व्हायची, मग चूल पेटायची.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामांचे नियम मी आल्या-आल्या फवारणीच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतले, कारण न लिहिता कामं करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ब्रॉयलर आणायची नाही, ती सुया टोचून फुगवलेली असते. दुकानातलं आणायचं नाही, जनावर कधीचं आहे ते कापणारा सांगत नाही. बागाईत पट्ट्यातलं बोकड तर अजिबात नको, ते द्राक्षाच्या बांधावर चरतं.

"बांधावर काय चरतं म्हणून काय झालं?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"आपुनच औषध मारतो आन् आपल्यालाच ठावं न्हाई व्हय?" मामा म्हणाले. "ज्याच्या पोटात काय जातंय ते ठावं न्हाई, ते आपल्या पोटात घालायचं न्हाई."

आमच्या बागेतले घड आम्ही लेकीला तीनदा धुऊन देत होतो. तेच घड पेटीत भरून जात, तेव्हा कोणी धूत नसे. हे मला तेव्हा विसंगत वाटलं नाही. विकायचं ते विकायचं, खायचं ते खायचं.

म्हणून जत्रेचं बकरं नेहमी एकाच ठिकाणचं असे. बकरं म्हणजे नर मेंढरू, आमच्याकडे असंच म्हणतात. म्हसवडकडचा एक मेंढपाळ आणि त्याची बायको दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली येत आणि पाऊस लागायच्या आधी परत जात. शे-सव्वाशे मेंढरं, दोन घोडी, एक कुत्रं. गावातले लोक आपापल्या रानात त्यांना आळीपाळीने बसवत. रात्री मेंढरं जाळीच्या कुंपणात बसली की लेंडीखत रानातच पडतं, त्या बदल्यात त्यांना ज्वारी द्यायची. जाताना आमच्यासाठी एक बकरं राखून ठेवायचं, हा त्याचा आणि मामांचा शब्द होता. माळावर चरलेलं, औषधाचा थेंब न लागलेलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी खारा, म्हणजे मटणाचा, नैवेद्य असे. त्या दिवशी सांगलीहून येणाऱ्या पाहुण्यांना मामा वाढता वाढता हे सांगत, आणि पाहुणे रस्सा ओरपत मान डोलवत. आमच्या घराची अर्धी प्रतिष्ठा त्या बकऱ्यावर होती.

मेंढरं बागेत घालायची कल्पना माझी. ते मी कोणावर ढकलत नाही.

माझ्या लग्नानंतरच्या सहाव्या हिवाळ्यात आभाळ सारखं भरून यायचं. आभाळ आलं की वेलीवर रोग येतो आणि रोग आला की मोरचूद-चुना मारावा लागतो. वहीत माझ्या हाताने लिहिलेल्या मोरचुदाच्या ओळी दोन पानं भरून पुढे गेल्या होत्या. फाल्गुनात माल निघाला. सगळ्या बाया बेदाण्याच्या शेडवर गेल्या आणि इकडे मांडवाखाली गवत गुडघ्याला लागलं. मी यादी केली. भांगलायला, म्हणजे गवत काढायला, बाया नाहीत. खत हवं आहे. जत्रेचं बकरं पोसून हवं आहे. तिन्ही ओळींपुढे मी एकच उत्तर लिहिलं आणि मामांना दाखवलं.

मामा खूष झाले. "सातारची असून डोकं हाय गं तुला."

मेंढपाळाला ते पटलं नाही. तो उंच, हडकुळा माणूस होता, बोलताना जमिनीकडे बघायचा. "बागंत नगं मालक. आमी बागंत कवा घातली न्हाईत."

"का? गवत गोड लागत न्हाई व्हय तुझ्या मेंढरांना?"

त्याची बायको मात्र सरळ माझ्याकडे वळली. माझ्याच वयाची असेल. "वैनी, काय मारलंय का हितं?"

"महिना झाला, काही मारलेलं नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं. पानांवरचा निळसर थर तसाच होता, तो तिलाही दिसत होता आणि मलाही. पण आमच्याकडे मोरचुदाला कोणी औषध म्हणत नसे. औषध म्हणजे उग्र वासाचं, बाटलीवर लाल खूण असलेलं, जे माल निघायच्या आधी बंद करतात. मोरचूद-चुना आजोबांच्या काळापासूनचा. मारणारा माणूस निळ्या हातांनी तंबाखू मळायचा आणि त्याला काही होत नसे. शिवाय मेंढरं माळावरची होती. आमच्या लेखी माळावरचं मेंढरू बागेत पाच आठवडे चरलं तरी माळावरचंच राहत होतं. या शेवटच्या मुद्द्यावर घरात एकाही माणसाला शंका आली नाही.

मेंढरांनी काम चोख केलं. आधी गवत संपवलं. मग खरड छाटणी झाली, तेव्हा खाली पडलेला पाला फस्त केला. भांगलण वाचली, पाला गोळा करायची मजुरी वाचली, खत पडलं. मी तिन्ही ओळींवर रेघ मारली. मधे एकदा पाहुणे आले म्हणून त्याच कळपातलं एक बकरं कापलं. मटण जरा पिवळसर वाटलं, ते चांगल्या चरबीमुळे, असं सासूबाई म्हणाल्या. कलेजी मी तव्यावर परतून लेकीला भरवली. ती चार वर्षांची होती. कलेजीनं रक्त वाढतं, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

जत्रेला नऊ दिवस होते, तेव्हा मामांनी मेंढरं बागेतून काढून ओढ्यापलीकडच्या रानात हलवायला सांगितली. दोन मैलांचं चालणं. उन्हं तापलेली होती. त्या संध्याकाळी एक मेंढी मागे राहिली आणि बसली ती उठलीच नाही. सकाळपर्यंत चार झाल्या. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी तांबडी, जवळजवळ काळी. मेंढपाळाची बायको ते दाखवायला एका मेलेल्या मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

गावात कोणाची तरी म्हैस अडली होती म्हणून जनावरांचे सरकारी डॉक्टर आलेले होते. मेंढपाळ धावत जाऊन त्यांना घेऊन आला. मामा आणि मीही गेलो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी बाही वर केली आणि एक मेंढी तिथेच उघडली. मूत्रपिंडं शाईसारखी काळी निघाली. कलेजी पिवळी पडलेली. त्यांनी सुरी गवतावर पुसली.

"कुठं चरत होती?"

"हितंच. मालकांच्या बागंत," मेंढपाळ म्हणाला.

डॉक्टर उठले आणि मामांकडे वळले. "बागेत मोरचूद मारला होता का? नीट आठवून सांगा. मेंढराला मोरचूद सोसत नाही. गाईला सोसतो, शेळीलाही बराच सोसतो, मेंढराला नाही. आठवडेच्या आठवडे कलेजीत साठत जातो, काही दिसत नाही. मग जनावर चालवलं, दमवलं, की एकदम फुटतो."

मामांनी पानाची चंची बाहेर काढली.

"तसं असेल तर यांना इथून एक पाऊल हलवायचं नाही. सांगलीहून औषध आणून आजपासून तोंडातून द्यायचं. निम्मी तरी वाचतील. आणि तसं नसेल तर हा गोचिडांचा ताप. मग सुया टोचतो, आणि कळप इथून दूर न्यायचा, नाहीतर गावातल्या जनावरांना लागेल. दोन्ही उपचार उलटे आहेत. म्हणून विचारतो."

एवढं स्पष्ट मला आजवर कोणी काही सांगितलेलं नाही.

"मोरचूद न्हाई मारला," मामा म्हणाले. "गवतच हाय नुसतं. म्हसवडकडनंच काय तरी रोग घिऊन आली असतील."

"आवं मालक," मेंढपाळ म्हणाला, "पाच म्हयनं झालं आमास्नी हितं येऊन."

"मग रोग काय मला सांगून येतोय व्हय रं?"

तेव्हा त्याची बायको उठली. मेंढीचं डोकं तिने हळूच खाली ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "वैनी, तुमी समदं वहीत ल्हिता न्हवं? मालकांच्या ध्यानात नसंल. तुमी जाऊन बघा की."

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना गरज वाटली नाही.

मी घरी गेले. वही भिंतीतल्या देवळीत होती. मी ती उघडली, मोरचुदाची दोन पानं आणि पुढच्या पानावरच्या चार ओळी वाचल्या. खाडाखोड नव्हती, अक्षर चांगलं होतं. जत्रेला नऊ दिवस होते. सांगलीचे व्यापारी पाहुणे येणार होते. त्यांच्या कानावर आमच्या बागेत मेंढरं मरतात असं गेलं असतं, तर बेदाण्याला कोण हात लावणार होतं? मेंढपाळाला भरपाई मागता आली असती. पंचायतीत बसावं लागलं असतं. आणि कल्पना कोणाची, हा प्रश्न सगळ्यांत आधी आला असता. हे सगळं मी देवळीपाशी उभं राहून क्रमाने मनात मांडलं. मेंढरं त्या क्रमात आली नाहीत. मग वही बंद केली आणि परत गेले.

"तसं काही नाही त्यात," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. तिचा विश्वास बसला. डॉक्टरांनी पिशवी उघडली आणि सुया टोचायला सुरुवात केली.

सुया टोचून ते मोटारसायकलकडे निघाले तशी मी त्यांच्या मागे गेले. मला एक गोष्ट विचारल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

"डॉक्टर, समजा, असल्या मेंढराची कलेजी माणसाने खाल्ली तर? लहान मुलाने?"

त्यांनी किक मारायला उचललेला पाय खाली घेतला. "कसल्या मेंढराची? गोचिडाच्या तापाच्या?"

मी पदर सारखा केला.

"तुमच्या बागेत मोरचूद नव्हता ना? मग मला हे कशाला विचारताय?"

"सहज विचारलं."

"कधी खाल्ली?"

"पंधरा दिवस झाले."

"एकदाच? मग काही होत नाही. झालं असतं तर एव्हाना दिसलं असतं." ते माझ्याकडे बघत राहिले. "मुलाची काळजी मिटली ना? आता त्या बाईला जाऊन सांगा. संध्याकाळपर्यंत सांगितलंत तरी चालेल. मी तालुक्याला दवाखान्यात आहे."

"मामांना विचारून सांगते."

"विचारा," ते म्हणाले आणि गेले.

मी विचारलं नाही. लेकीला काही होणार नाही हे कळल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि मला त्या दिवशी अजून बरीच कामं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या मेंढरांचा आकडा अकरावर गेला आणि गावात रोगाची बातमी फिरली. जत्रा तोंडावर आलेली, प्रत्येकाच्या दावणीला जनावरं. लोक काठ्या घेऊनच ओढ्यापलीकडे गेले. "आजच्या आज हलायचं. जत्रंला आमच्या म्हशी मारायला आलासा व्हय?" मेंढपाळ हात जोडून म्हणत होता की ही चालायच्या अवस्थेत नाहीत, दोन दिवस थांबू द्या. कोणी तरी त्याच्या घोड्यावरचं बोचकं ओढून खाली टाकलं. बोचक्यातलं पीठ धुळीत सांडलं. त्याची बायको ते ओंजळीने गोळा करायला बसली, तेव्हा एका म्हाताऱ्याने तिला सांगितलं, "पीठ काय भरतीस, मेंढरं भर." लोक हसले. मीही तिथे होते. मी हसले नाही, पण मी काही बोललेही नाही, आणि त्या दोन्हींत फार फरक असतो असं मला आता वाटत नाही.

निघण्यापूर्वी मेंढपाळ आमच्या दारात आला. त्याने एक बकरं कासऱ्याने धरून आणलं होतं. चांगलं धडधाकट, डोळे स्वच्छ.

"मालक, जत्रंचं बकरं. बोललो हुतो. ह्ये मागं आजारी पडलंतं म्हून तुमच्या बागंत घातलंच न्हवतं, घोड्यापाशी बांधूनच वाळक्या कडब्यावर ठिवलंतं. ह्याला काय न्हाई."

त्याचे शब्द माझ्या नीट लक्षात आहेत, कारण त्या सबंध कळपात खरोखर औषध न लागलेलं तेवढं एकच जनावर होतं. ते त्याने आम्हाला आणून दिलं होतं.

मामा सोप्यावर पान लावत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "असलं रोगाचं मेंढरू आमच्या चुलीवर नगं. दारात बी हुबं करू नगं. बाहिर ने."

"माय, ह्याला रोग न्हाई."

"तुज्या मेंढरांना रोग हाय का न्हाई, त्ये समद्या गावानं बघितलंय."

तो माझ्याकडे वळला. मी दारातून लेकीला आत ओढून घेतलं. मग तो बकरं घेऊन परत गेला. जाताना त्याने एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आपल्या चुकीने जनावराचा अपमान झाल्यासारखा.

ते दुपारी निघाले, उन्हात. विट्याकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने संध्याकाळी चावडीवर सांगितलं की रस्त्याच्या कडेला दर दुसऱ्या झाडाखाली एकेक मेंढरू पडलेलं दिसतंय. पुढच्या दिवशी त्याने सांगितलं की आता झाडं संपली तरी मेंढरं पडलेलीच आहेत. लोक म्हणाले, बरं झालं वेळेवर घालवली.

जत्रेसाठी मी खानापूरच्या माळावरून बकरं आणवलं. या वेळी स्वतः गेले. कळप कुठे कुठे बसला, बागेच्या जवळून गेला का, पाणी कुठलं प्याला, सगळं विचारलं आणि कळपाच्या मालकाला देवाची शपथ घ्यायला लावली. तो वैतागून म्हणाला, "बाई, सोयरीक जमवायला आलायसा का बकरं न्यायला?" बकऱ्याची पापणी उलटी करून मी आतला रंग पाहिला. तो गुलाबी होता.

पाहुणे जेवले. बेदाण्याच्या व्यापाऱ्याने तीनदा सुकं मागून घेतलं. "ह्याला म्हणतात मटण," तो म्हणाला. "शहरात काय खातो आम्ही, देव जाणे." मामांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, औषधाचा थेंब न लागलेलं, आणि ते वाक्य त्या वर्षी पहिल्यांदाच कोणी तरी तपासून घेतलेलं होतं. कलेजी मी लेकीच्या ताटात वाढली. निर्धास्त मनाने वाढली.

लोक असं मटण का निवडतात यावर हल्ली बरंच ऐकते. चव, ताकद, जनावराला मोकळं चरायला मिळतं वगैरे. आमच्या घरात कारण एकच होतं. आम्ही काय मारतो ते आम्हाला ठाऊक होतं, आणि ते परत आमच्या ताटात यायला नको होतं. दुसऱ्याच्या ताटाचा विचार त्या कारणात कुठे बसत नव्हता.

दोन वर्षांनी म्हसवडच्या बाजूला, माणकडे, पाणी नव्हतं आणि तिकडच्या बाया टोळ्यांनी आमच्याकडे भांगलायला आल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बागेत गेले तेव्हा मांडवाखाली मेंढपाळाची बायको बसलेली दिसली. खुरपं चालवायची सवय नव्हती, बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. कामावरून सुटताना बाया आपण काढलेलं गवत घरच्या जनावरांसाठी ओटीत भरून नेतात. तिने आपला ढीग बांधावर तसाच ठेवला.

"काय गं," एक बाई म्हणाली, "तुज्या जनावरांना उपास हाय व्हय आज?"

"खाणारं कुनी न्हाई आमच्यात," ती म्हणाली.

बाया पुढे गेल्या. मला तिथून निघून जाता आलं असतं, पण मी विचारलं, "तुझे मालक कुठं असतात?"

"पुन्याला. कंपनीच्या गेटावर बसत्यात, काठी घिऊन." ती चिंध्या सोडवत होती. "म्हसवडच्या डाक्टरनं शेवटची मेंढी फाडली तवा सांगितलं, मोरचूद. मी म्हनलं, न्हाई ओ, वैनींनी वही बघितली. त्यो हसला नुसता."

तिला उत्तर नको होतं.

"जत्रा कवा हाय औंदा?"

"पुढच्या आठवड्यात."

"बकरं कुठनं आनलं?"

"खानापूरच्या माळावरून."

"बेस केलं," ती म्हणाली. खुरपं ओटीत टाकून ती बायांच्या मागे चालू लागली.

रात्री मी मुकादमाला निरोप पाठवला की त्या बाईला उद्यापासून आमच्या बागेत लावू नकोस. त्याने कारण विचारलं नाही. त्या वर्षी बाया हव्या तेवढ्या मिळत होत्या.